पपईच्या चिकातली कात्री



मटण जून निघाले, तासभर शिजवूनही दाताला लागू देईना, की खान्देशातली जाणती बाई काय करते? पुढच्या वेळी ती आधीच परसातल्या झाडाची एक हिरवीगार पपई उतरवते, तिची फोड किसते आणि मटणाला चोळून ठेवते. मग काळा मसाला आणि चूल. मांस लोण्यासारखे होते. हे आमच्या आया-आज्यांना कोणत्या कॉलेजात शिकवले नव्हते. पण मऊ करण्याचा गुण फळाच्या गोडव्यात नसून हिरव्या सालीतल्या पांढऱ्या चिकात आहे, एवढे त्या पक्के ओळखून होत्या. म्हणून पिकलेली पपई त्यांनी कधी मटणाला लावली नाही.

या चिकात जी वस्तू असते तिचे नाव पपेन. मांस, अंडे, डाळ, दूध यांत प्रथिने असतात हे आपण दवाखान्यातल्या तक्त्यावर वाचतो. प्रथिन म्हणजे शेकडो मणी ओवलेली एक लांबलचक माळ. पपेन ही माळ मधेमधे तोडते. एकदा तोडून ती स्वतः संपत नाही. एक माळ तोडून दुसरीकडे वळते, तिथून तिसरीकडे. अशा वस्तूंना शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात. आम्ही या लेखात सरळ कात्री म्हणणार आहोत. ही कात्री स्वतःसुद्धा प्रथिनच आहे, २१२ मण्यांची.

पपई मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली. पण तिच्या चिकाचा मांसावर काय परिणाम होतो याविषयी शास्त्रीय लेखन सुरुवातीला ज्यांनी केले त्यांत एक भारतीय आहे. १८७३ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय मासिकात जी. सी. रॉय यांनी त्यावर लेख लिहिला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८७९ साली, फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी चिकातली ती वस्तू वेगळी काढून तिला पपेन हे नाव दिले.

आणि जळगावचे काय? आज जैन म्हटले की आपल्याला ठिबकच्या नळ्या आठवतात. पण वाकोदच्या भवरलाल जैन यांच्या कारखानदारीची सुरुवात नळ्यांनी झाली नाही. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना ३० लाख रुपयांना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन बनवायला सुरुवात केली. जळगावचे पपेन परदेशात जाऊ लागले. बिअर गढूळ होऊ नये म्हणून, मांस मऊ करण्यासाठी, पचनाच्या गोळ्यांत, चामडे कमावताना, अशा कितीतरी कामांना ते लागते. नळ्यांचा आणि ठिबकचा व्यवसाय त्यानंतर वाढला. भवरलालजी २०१६ साली गेले. त्यांचे चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला चीक गोळा करणाऱ्या हातांविषयी बोलायचे आहे.

चीक काढायचा तो झाडावरच्या हिरव्या, पण भरत आलेल्या फळाचा, साधारण अडीच-तीन महिन्यांच्या. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. फळाच्या सालीवर उभे चार चरे ओढायचे, पाव सेंटीमीटरच्या आसपास खोल, जास्त नाही. लोखंडी पाते चालत नाही, चीक काळा पडतो. बांबूची चोय किंवा स्टीलचे पाते लागते. खाली भांडे धरायचे. तीन-चार दिवसांनी त्याच फळाला पुन्हा दुसरीकडे चरे. मग तो चीक वाळवायचा, पण फार तापवायचा नाही, पन्नास-पंचावन्न अंशाच्या वर गेला की कात्रीची धार बोथट होऊ लागते.

आता विचार करा. जी वस्तू बोकडाचे निबर मांस विरघळवते, ती मजुराच्या बोटांवर सकाळभर निथळते तेव्हा बोटांचे काय होणार? आपली कातडीसुद्धा प्रथिनांचीच आहे. बोटांची साले निघतात, कातडी चरचरते, डोळ्यात थेंब उडाला तर आग होते. आणि वाळलेल्या पपेनची भुकटी उडते त्या खोलीत काम करणाऱ्यांना दमा जडतो, हे जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. चिकाचा धंदा आज पूर्वीसारखा दिसत नाही. शिरपूर, शहादा, चोपडा या पट्ट्यात आता खाण्याची तैवान पपई जास्त. पण तोडणीच्या वेळी देठातून चीक निथळतोच, आणि तोडणी करणारे हात कोणाचे असतात ते आम्ही सांगायला नको. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, जवळ भरलेली पाण्याची कळशी, एवढ्यावर हे दुखणे टळते. हातमोज्यांचा जोड मागताना आपल्या आयाबहिणी संकोच करतात, मुकादम काय म्हणेल म्हणून. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. हातमोजे मागणे ही भीक नव्हे, हे त्यांच्या माणसांनी तरी विसरू नये.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती बायकांमध्ये कुजबुजत बोलली जाते. पिकलेल्या पपईने पोटुशी बाईला अपाय होतो असे काही आढळलेले नाही. हिरव्या पपईचा चीक मात्र उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गर्भाशय आवळतो असे दिसले आहे, म्हणून गरोदरपणी कच्ची पपई नको. पण याचा उलटा अर्थ काढून कोणी मुलीला चीक पाजत असेल तर तो जिवाशी खेळ आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, सरकारी दवाखान्यात सुरक्षित सोय आहे. झाडाखाली जायचे कारण नाही.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा कात्र्या फक्त पपईत नसतात. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात त्या आहेत. पेशीच्या आतही आहेत, पण आज आम्ही बोलणार आहोत त्या पेशीच्या बाहेर सोडल्या जाणाऱ्या कात्र्यांविषयी; पोटात, रक्तात, फुप्फुसात, हिरडीत, जखमेत काम करणाऱ्या. पोटातली कात्री म्हणजे पेप्सिन. ती १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने ओळखली. खाल्लेली डाळ आणि मासळी ती तोडते. रक्ताची गुठळी काम संपल्यावर विरघळवणारी एक आहे. जखम भरताना खराब झालेला भाग कापून नव्याला जागा करून देणारी आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय पुन्हा मुठीएवढे होते, त्यातही या कात्र्यांचाच हात असतो. म्हणजे कात्री ही वाईट नाही. ती नसती तर आपण एक घाससुद्धा पचवू शकलो नसतो.

प्रश्न असा पडतो की ही कात्री आपल्यालाच का कापत नाही? आम्ही आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या, म्हणून आम्हाला ही व्यवस्था पटकन पटली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, तसे शरीराने दोन बंदोबस्त केले आहेत. एक, कात्री म्यानात घालून पाठवायची. ठरलेल्या जागी पोचल्यावरच म्यान निघते. दोन, रक्तात पहारेकरी फिरते ठेवायचे, जे चुकार कात्री दिसली की तिला मिठी मारून निकामी करतात. बहुतेक रोगांची गोष्ट ही म्यान फाटल्याची किंवा पहारेकरी पडल्याची गोष्ट आहे.

म्यान फाटल्याचे उदाहरण आपल्या वस्तीत शोधायला लांब जावे लागत नाही. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिथे ट्रिप्सिन नावाची कडक कात्री तयार होते आणि म्यानासकट आतड्यात जाते. बरीच वर्षे दारू पोटात गेली की काही माणसांत हे म्यान स्वादुपिंडातच सुटते. मग ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ, उलट्या, माणूस पुढे वाकून गुडघे पोटाशी घेऊन बसतो. घरचे म्हणतात, पित्त झाले, सोडा द्या. तो सोड्याचा आजार नाही. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते, आणि त्यातली काही माणसे परत येत नाहीत. बावीस प्रतिज्ञांत दारू का आहे याची कारणे आपण घराची धूळधाण, बायकोला मार, कर्ज अशी सांगतो. त्यात स्वादुपिंडही मांडायला हरकत नाही.

पहारेकरी पडल्याचे उदाहरण त्याहून मोठे आहे, आणि त्याचा शोध लावण्यात पुन्हा पपईच कामाला आली.

१९६३ सालची गोष्ट. स्वीडनमधल्या माल्मो शहरात लॉरेल आणि एरिकसन हे दोन डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांच्या पट्ट्या चाळत होते. सुमारे दीड हजार पट्ट्यांमध्ये पाच पट्ट्या अशा निघाल्या की ज्यांत एका ठरावीक प्रथिनाची रेघच नव्हती. कारकुनाला हजार नोंदींत एक कोरा रकाना जसा खटकतो, तसे त्यांना ते खटकले. त्या पाच जणांपैकी तिघांची फुप्फुसे खराब होती. जे प्रथिन नव्हते ते होते यकृतात तयार होणारे, रक्तातून फुप्फुसात जाऊन पहारा करणारे, कात्र्यांना मिठी मारणारे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ साली, अमेरिकेत पॉल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ते दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसवर काम करीत होते. त्यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडले. हो, तेच पपेन. आणि त्या फुप्फुसांची चाळण झाली. बारीक बारीक फुग्यांमधल्या भिंती विरघळून मोठमोठ्या पोकळ्या पडल्या. ही चाळण डॉक्टरांना अनोळखी नव्हती. वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचे फुप्फुस मेल्यावर उघडले की असेच दिसते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. आपल्या फुप्फुसात तीस कोटींच्या वर हवेचे फुगे आहेत. त्यांच्या भिंतीत इलास्टिन नावाचे धागे असतात, चड्डीच्या नाडीतल्या रबरासारखे. ताणायचे आणि पुन्हा आखडायचे. लोहाराचा भाता दाबल्यावर हवा बाहेर जाते, ती या आखडण्यामुळे. बिडीचा धूर आत गेला की फुप्फुस त्याला शत्रू समजते आणि पांढऱ्या पेशींची फौज बोलावते. फौज आली की ती आपल्या कात्र्या सोडते, त्यातली मुख्य कात्री नेमके इलास्टिन तोडणारी. एरवी पहारेकरी तिला आवरतात. पण धुराची दुसरी करामत अशी की तो पहारेकऱ्यालाच निकामी करतो, त्याच्या माळेतला एक मोक्याचा मणी गंजवून टाकतो. म्हणजे एकीकडे कात्र्या वाढल्या आणि दुसरीकडे पहारा उठला. खर्च दुप्पट, जमा निम्मी. असे खाते किती वर्षे चालेल? १९९७ साली अमेरिकेतच, ज्या उंदरांमध्ये अशी एक कात्री जन्मतःच नाही त्यांना महिनोन्महिने सिगारेटचा धूर दिला गेला. त्यांची फुप्फुसे शाबूत राहिली. बाकीच्यांची चाळण झाली.

तुटलेले रबर पुन्हा येत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. बिडी सोडल्याने पडलेल्या पोकळ्या भरत नाहीत; मात्र पुढची मोडतोड मंदावते. पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणारा आणि साठाव्या वर्षी सोडणारा यांच्यात इतका फरक पडतो की एक जण नातवाला शाळेत पोचवतो आणि दुसरा ओट्यावर बसून राहतो.

‘भाऊ, माले दम लागस, रातले झोप येत नही,’ असे सांगणारी माणसे आम्हाला रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर भेटतात. वयोमान म्हणून सोडून देतात. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली गर्दी होते, १९३७ साली बाबासाहेब तिथे थांबले होते म्हणून. त्या चढणीवर कोण कोण अर्ध्या वाटेत कमरेवर हात ठेवून थांबते ते पाहत जा. पन्नाशीतली माणसे. त्यातल्या काहींच्या खिशात बिडीबंडल असते, आणि ‘पाचव्या शिलात बिडी कुठे आहे?’ असा वादही तीच घालतात. वाद घालायला श्वास पुरतो तोवर ठीक आहे.

पण हा आजार फक्त बिडीवाल्यांचा समजू नका. ज्या बाईने उभ्या जन्मात बिडी हातात धरली नाही तिलाही तो होतो, कारण तिने तीस वर्षे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात भाकरी थापल्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकात, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना होणाऱ्या या रोगाविषयी विस्ताराने लिहिले, आणि चुलीच्या धुराला त्यात मोठे स्थान दिले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, शेगड्या घरोघर पोचल्या. पण टाकी भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या फुकट असतात, म्हणून पुष्कळ घरांत शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती आणि भाकरी चुलीवर. निदान चूल दाराशी किंवा ओट्यावर तरी मांडा, आणि लेकराला पाठुंगळी घेऊन फुंकणी मारू नका.

तपासणी सोपी आहे, दुखत नाही, सुई नाही. एका नळीत जोराने फुंकायचे, यंत्र हवेचा हिशेब कागदावर काढते. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या छातीच्या विभागात विचारा. डॉक्टरने पंप दिला तर घ्या. ‘पंप लावला की सवय लागते’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते कोणी तरी छापून वाटले असावे असे वाटते. पंपात औषध थेट जागेवर जाते, थोडक्यात भागते. सवय बिडीची लागते.

क्षयाचीही एक ओळ इथे लिहायला हवी. क्षयाच्या जंतूकडे फुप्फुस फोडण्याचे हत्यार स्वतःचे नसते. तो आपल्याच पेशींना चिथावतो, आणि त्या पेशींच्या कात्र्या फुप्फुसाचा सांगाडा तोडून खड्डा पाडतात. त्या खड्ड्यात जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि खोकल्याबरोबर शेजाऱ्याच्या घरात जातात. खड्डा पडायच्या आत औषध सुरू झाले तर घरही वाचते आणि चाळही. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडका तपासा. तपासणी आणि गोळ्या सरकारकडून मोफत आहेत, आणि आहारासाठी २०१८ पासून रुग्णाच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये येत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. हे पैसे आपले आहेत, खाते क्रमांक देऊन मागून घ्या.

गुटख्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे, म्हणून ती सांगतो. तिथे कात्री फार चालत नाही, तर कात्री अडते. सुपारीतला अर्क गालाच्या आतल्या पेशींना दोर वळायला लावतो. सुपारीतले तांबे त्या दोरांना एकमेकांत असे गुंफते की कात्रीचे पाते त्यात शिरत नाही. दोर वाढत जातात, तुटत नाहीत. गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो, तिखट लागले की आग होते, तोंड उघडेनासे होते. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली याचे वर्णन केले, तेव्हा गुटख्याच्या पुड्याही निघाल्या नव्हत्या, नुसत्या सुपारीचा हा प्रताप होता. घरात पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असेल तर त्याला स्वतःची तीन बोटे उभी जुळवून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर ओरडू नका, दातांच्या डॉक्टरकडे न्या. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तो सीमेपलीकडून येऊन टपरीवर लोंबतो आहे, हे दोन्ही आपल्याला माहीत आहे.

आता शेवटची कात्री, जी शरीराबाहेरून आत येते. फुरसे आणि घोणस. कपाशी वेचताना, केळीच्या बागेत पाचट उचलताना, रात्री पाणी भरायला जाताना, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दगड उचलताना तो डसतो. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर जाते. फुरशाचे आणि घोणशीचे विष मात्र बऱ्याच अंशी कात्र्यांची पिशवी आहे. काही कात्र्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीचे अस्तर कापतात, मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त झिरपते. काही कात्र्या रक्त गोठवण्याच्या साखळीतला मधलाच खिळा उपटतात. शरीरातला गोठण्याचा सगळा माल नाहक खर्ची पडतो आणि नंतर रक्त गोठतच नाही. फुरशाच्या विषातल्या अशा एका कात्रीला शास्त्रज्ञांनी इकॅरिन म्हटले आहे, फुरशाच्या शास्त्रीय नावावरूनच.

हे कळले की दवाखान्यातली एक साधी तपासणी कळते. डॉक्टर रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवतात. मग आडवी करतात. रक्त गोठले नसेल, पाण्यासारखे वाहिले, तर विष आत गेले आहे आणि प्रतिविष द्यायचे. ना मशीन, ना वीज. तालुक्याच्या दवाखान्यात हे होऊ शकते, आणि आपल्या माणसाची नळी लावली का, हे नम्रपणे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आणि हे कळले की दोरी का बांधायची नाही तेही कळते. घट्ट आवळले की सगळ्या कात्र्या एकाच जागी अडकतात आणि तिथलेच मांस कापत बसतात. हात वाचवायला गेलो आणि हातच गेला असे होते. चिरा देणे तर आणखी वाईट, कारण ते रक्त थांबत नाही. हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठी-बांगडी काढा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. मारुतीच्या पारावर नेऊन उतारा करणारे अजून आहेत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे धम्मदीक्षेनंतर इतक्या वर्षांनी आपल्या वस्तीतूनही त्यांच्याकडे माणसे जातात. तिकडे जो तास जातो तोच तास प्रतिविषाचा असतो. नुसता डंख झाला पण विष उतरलेच नाही असेही पुष्कळदा घडते. त्या माणसांच्या जिवावर भगताचे नाव होते.

साप चावून शेतकरी दगावला तर त्याच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. त्याच शेतात, त्याच सरीत, रोजाने वाकलेल्या भूमिहीन बाईला फुरसे डसले तर ती या योजनेत बसत नाही. फुरसे सातबारा पाहून डसत नाही. आमच्या मंडळाने यावर दोन पानांचे निवेदन केले आहे, त्यात भूमिहीन शेतमजुरांचा समावेश करावा एवढी एकच मागणी आहे. प्रत विहारात ठेवली आहे. रविवारी वंदनेला याल तेव्हा सही करा. अंगठा असेल तर शाईचा ठसा तिथेच ठेवला आहे.